मैद्याचा हात

दस्तगीरचाचांना ब्रेड दिसला की ते आधी तो अंगठ्यानं दाबून बघतात. स्वतःचाच असं नाही, दुकानात दुसऱ्याच्या पिशवीतलासुद्धा. दबून वर आला तर, "जित्ता हाय!" नाही आला तर दुकानदाराच्या तोंडावर, "वीट हाय की ही पावणं, घर बांधा." आमच्या कोल्हापुरातल्या बावड्यातले दुकानदार त्यांना लांबून बघूनच ब्रेड आत ठेवतात.

चाळीस वर्षं पावाची भट्टी चालवलेला माणूस. चाची गेल्या, गुडघे गेले, मग भट्टी बंद करून आमच्या शेजारी एकटेच राहायला आले.

माझ्या सईला, नऊ वर्षांच्या पोरीला, डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला. कणभर पोटात गेला तरी दोन-दोन दिवस कळवळायची. चपाती सुटली, केक सुटला, तिनं हूं की चूं केलं नाही. पण कोल्हापूरची पोरगी! मिसळीबरोबर ब्रेड नाही म्हटल्यावर ताट सारून हमसून हमसून रडली.

चाचांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं. "गव्हाबिगर ब्रेड? उद्या पाण्याबिगर आंघूळ घाला म्हणावं!" असं मलाच खडसावून निघाले, तशी सईनं त्यांना अडवलं, "चाचा, तुम्ही करा ना माझ्यासाठी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या सारून दारात हजर. "काढा पीठ."

मी ज्वारीचं, तांदळाचं पीठ आणि इसबगोल पुढं ठेवलं. त्यांनी मळलं, आपटलं, बुक्क्या घातल्या. पीठ कोपरापर्यंत चिकटलं, पण ताणेना. "ह्याला अंगच न्हाय वैनी!" शेवटी मीच मोबाइलवर वाचून सांगितलं, "चाचा, हे मळायचं नाही. भज्याच्या पिठासारखं ढवळून डब्यात ओतायचं."

"ओतायचा? ब्रेड?" माणूस खचलाच. त्यानंतर पीठ मी ढवळायची आणि चाचा हात मांडीखाली दाबून बसायचे, नाहीतर ते आपोआप परातीत जायचे.

पहिले चार ब्रेड न फुगता खाली बसले. पाचवा त्यांनी आपल्या घरी करून आणला, मस्त फुगलेला. अंगठा दाबला, "जित्ता हाय!" सईनं तुकडा उचलला. मी सहज विचारलं, "डब्यातून इतका सुटा कसा निघाला हो?"

"त्यात काय? तेल लावून मैदा भुरभुरला की."

मी सईच्या हातातून तुकडा हिसकावला. मग तोंडाला येईल ते बोलले. "पोरीला मारताय काय?" असंसुद्धा बोलले. चाचांनी आपल्या हातांकडं बघितलं आणि तो ब्रेड उचलून निघून गेले.

आठ दिवस फिरकले नाहीत. माझं मन मलाच खायला लागलं, म्हणून मी गेले. स्वयंपाकघर धुऊन लख्ख, नवा डबा, नवी चाळण. आणि ताटात भाकरीचे तुकडे, एकीकडं करपलेले, दुसरीकडं कच्चे.

"हे काय चाचा?"

"घरातनं गहू काढला. मैदा, चपाती, बिस्कुटं, समदं. हाताचा भरवसा न्हाय वैनी, कवा पिठात जाईल. भाकरी येत न्हाय मला, शिकतोय."

मी ताट जवळ ओढलं.

"चाची गेल्यापास्नं," ते ताट झाकत म्हणाले, "माझ्यासाठी करा, असं कोण म्हणालंच न्हवतं. सई म्हणाली."

त्या रविवारी सईनं मिसळीबरोबर चाचांच्या नव्या डब्यातल्या ब्रेडचे तीन स्लाइस हाणले. सोमवारी पोट दुखलं नाही, मंगळवारी नाही. चाचा मात्र दर तासाला दारात, "पोरगी बरी हाय न्हवं?" ह्या माणसाचे उपकार कुठं फेडू, मला कळेना. शेवटी हाताला धरून आत आणलं, टेबलाशी बसवलं आणि तव्यावरची भाकरी ताटात वाढली.

"अख्खी हाय की," ते म्हणाले, आणि बराच वेळ ती मोडेचनात.