सखारामतात्यांच्या दम्याचे आरोपी

पिंपळीचे सखारामतात्या आपल्या दम्याबद्दल त्रिभुवनात कोणालाही दोषी ठरवत. फक्त आपल्या पिठाच्या गिरणीला नाही.

तेलाच्या इंजिनावर चालणारी ही गिरणी आमच्या शाळेला लागून होती. तात्या तीत दिवसभर भुवयांपर्यंत पांढरे होऊन उभे असत आणि त्यांच्या छातीतून अशी शीळ वाजे की इंजिनाला साथीदार मिळाल्याचा भास व्हावा. परंतु कारणाचा तपास भलतीकडेच निघे. प्रथम दह्यावर ठपका आला. दही बंद झाले, दमा राहिला. मग केळी हद्दपार झाली. पुढे देवळापुढच्या चाफ्याची पाळी आली. "वास न्हाय त्यो, इख हाय," तात्या म्हणत. काही दिवस तर माझा खडूही आरोपी होता. "मास्तर, फळा जरा हळू पुसत जावा."

कळसला लेकीकडे राहिले की त्यांची छाती मोकळी होई. बिगारीतल्या मुलानेही यावरून योग्य निष्कर्ष काढला असता. तात्यांनी कळसच्या विहिरीचे पाणी घागर भरून आणले. ते पिऊनही गिरणीत शीळ वाजली, तेव्हा बैलगाडीच्या धक्क्यांनी पाण्याचा गुण सांडतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

शिक्षकाला अज्ञान पाहवत नाही. बारामतीच्या डॉक्टरांना विचारून मी एका सकाळी गिरणीत गेलो. दळणाच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. आपल्या सुनांवर नजर ठेवायला म्हातारे गणपतआबा उंबऱ्यावर होते. मी मुद्देसूद सांगितले : पिठाची धूळ रोज श्वासात गेली की काहींच्या श्वासनलिका तिला वैरी मानून आकसतात, धुळीपासून दूर गेले की मोकळ्या होतात.

गणपतआबांचे डोळे चमकले. "म्हंजी गिरणीचं पीठ इखारीच. मी म्हणतच हुतो. उद्यापासनं आमच्या सुना जात्यावर बसतील."

बायकांनी आपापल्या पाट्या जवळ ओढल्या.

"आबा, मास्तर शिकल्यालं हायती, पर दमा मला हाय," तात्या म्हणाले. "चाफाच हाय त्यो. लेकीच्या दारात चाफा न्हाय, म्हून तितं बरं वाटतं."

"तात्या, औंदा चाफा, फुडल्या साली तुळस म्हणशीला," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. आबा पुटपुटत निघून गेले.

शेवटची पाटी गेल्यावर तात्या इंजिन बंद करून पोत्यावर टेकले. श्वास जमवायला त्यांना बराच वेळ लागला.

"मास्तर, मला कळत न्हाय व्हय? पर मी पिठाचं नाव घेतलं, तर पहाटं घरोघरी पुन्हा जाती घरघरतील. माझी आई दिस भरल्याली असताना बी दळायची. जात्यापाशीच गेली."

"मग गिरणी दुसऱ्या कोणाला चालवायला द्या."

"कुणाला देऊ? त्याला बी ह्येच हुयाचं."

दाराबाहेर कोणी नाही, हे पाहून त्यांनी कोपरीतून ओले फडके काढले, नाकातोंडावर बांधले आणि जमिनीवरचे पीठ झाडू लागले. एवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. तात्यांनी फडके ओढून पोत्याखाली सारले.

"ये बाय," ते म्हणाले, "गहू का जोंधळा?"