नारपोलीचा झोका आणि माझी कुजबुज

नारपोलीत झोका येणार, आणि तो मी आणणार! हे मी तुळजाला इतकं ठासून सांगितलं, की भिंतीवरची पाल चुकचुकायचं विसरली.

"तुमी?" तुळजा भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमच्यानं मच्छरदानीची दोरी बांधवत न्हाय!"

"अगं, मी जॉबर आहे जॉबर! खलीलशेठच्या कारखान्यातला बिघडलेला लूम मी नुसता खोकलो तरी सुरू होतो. झोका म्हणजे काय, दोन दोर आणि एक फळी!"

ती हसली. पण हसता हसता तिचे डोळे पार अंजूरला जाऊन पोचले. ते तिचं माहेर. खाडीच्या काठाला चिंच होती, पंचमीला तिच्या फांदीला झोका लागायचा. उंच गेलं की खाडीतल्या होड्यांची शिडं दिसायची म्हणे. गेल्या वर्षी ती चिंच वीटभट्टीत गेली. आणि आमच्या नारपोलीत झाडं कुठली? इथं कावळासुद्धा विजेच्या तारेवर संसार करतो!

एकदा मी खोलीतल्या वाशाला झोका बांधला होता. पहिल्या हेलकाव्याला तुळजाचे पाय स्टोव्हला लागले, दुसऱ्याला पार्टिशनमधून शेजारच्या रंगूबाईच्या देव्हाऱ्यात गेले! तेव्हापासून संध्याकाळी ती खाटेच्या कडेला बसून पाय हलवत ओव्या गुणगुणायची. पाय हलायचे, खाट जागची हलायची नाही. ते बघितलं की मी उगाच स्टोव्हला पंप मारत बसायचो. आमच्या घरात पोर नव्हतं. पंचमी यायची, पंचमी जायची. ना पाळणा, ना झोका.

अशात एके दिवशी टांग्यावर भोंगा लावून दवंडी फिरली. सुकलेल्या तळ्याजवळच्या मोकळ्या जागेवर नगरपालिका बाग करणार! थोडे पैसे सरकारी, थोडी लोकांची वर्गणी. बागेत काय काय हवं ते ज्यानं त्यानं रविवारी शाळेत येऊन सांगावं!

आता अडचण बघा. चारचौघांत उभं राहून 'माझ्या बायकोला झोका हवा' असं जॉबरनं म्हणायचं? अख्खा कारखाना मला म्हातारा होईपर्यंत अंगाई म्हणून झोपवेल! म्हणून मी डोकं चालवलं. लूमवरचा सादिक माझा जिवलग, आणि त्याच्या घरी पोरांचं दुकान! त्यानं उठायचं, 'पोरांसाठी झोका हवा' म्हणायचं, आणि बसायचं. पोरं शाळेत गेली की दुपारी तुळजा बसेल. कुणाला पत्ता लागायचा नाही!

रविवारी शाळा गच्च भरली. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, समोर नगरपालिकेचे साहेब. भिंतीला लागून लूमचा कारखाना, त्यामुळे खटाखट, खटाखट! आमच्या गावात सगळे ओरडूनच बोलतात. इथल्या माणसानं बायकोशी लाडात बोलावं आणि पडघ्याच्या बाजारात बैल बुजावेत!

"बागबीग कशाला? ट्रक उभे करायला जागा करा!" बाळारामशेठ उठून गरजले. त्यांचे ट्रक होते.

"कारंजं पायजे!" कुणी म्हणालं.

"भजनाला वटा बांधा, वटा!" दुसरं कुणी.

साहेब लिहीत होते, आणि आमचा सादिक? छताकडे बघत दाढी कुरवाळत होता! मी कोपरानं ढोसलं. त्याला वाटलं, जागा कमी पडतेय. तो सरकून बसला! शेवटी मी त्याच्या कानाशी तोंड नेलं, वर हाताचा आडोसा केला आणि कुजबुजलो.

आता लूमवाल्याची कुजबुज म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. कारखान्यात कानातलं गुपितही बोंबलूनच सांगावं लागतं. जन्माची सवय! आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. साऱ्या नारपोलीतले लूम एकदम थांबले. साहेबांचं पेन कागदावर चाललेलंही ऐकू यावं, अशी शांतता! आणि त्या शांततेत माझी कुजबुज...

"अरे सादिक! पोरांचं नाव सांग आणि झोका मागून घे! बसणार आमची तुळजा! पंचमीला तोंडात पदर कोंबून रडते रे ती! पण कुणाला कळू देऊ नकोस!"

सादिक कान चोळत म्हणाला, "जॉबरसाब, अब तो पडघा को भी मालूम हो गया!"

शाळेचं छप्पर उडेल एवढा हशा! तुळजा उठली, पदर तोंडावर ओढला आणि चालती झाली.

"लिहून घ्या साहेब!" बाळारामशेठ डोळे पुसत म्हणाले. "जॉबरच्या मंडळींना सरकारी झोका!"

तेवढ्यात बायकांतून रंगूबाई उठली. तीच, देव्हाऱ्यावाली. केस पांढरे, आवाज तांब्याचा.

"दात कारून हसताव काय रं? मलापन बसायचा हाय! लगीन होऊन आले तवाधरनं पाय जमिनीवरच हायेत माजे!"

मग सादिकची बायको अतिया हळूच म्हणाली, "साहब, हमारा भी लिखो. मायके में नीम पे झूला पडता था. सपने में आता है अब भी."

एकेक लूम बंद पडत जावा तसा हशा थांबला. पुरुष आपापल्या बायकोकडे असे बघायला लागले, की जणू आज नव्यानं ओळख करून दिली कुणी.

"लिहितो," साहेब म्हणाले. "पण एवढ्याला निधी पुरायचा कसा?"

"खंबे मेरे," खलीलशेठ म्हणाले. "जुने लोखंडी शाफ्ट पडलेत कारखान्यात."

"दोर आमचा!" विणकर ओरडले. "वेस्ट सुताचा वळू!"

झालं, जिंकलो! छाती काढून घरी आलो. तुळजानं ताट वाढलं आणि बोटानं खुणावलं, जेवा. मग खुणेनंच पाणी. मग खुणेनंच दिवा मालवा. कारखान्यातल्या खुणा हौसेनं मीच शिकवल्या होत्या तिला! पंचमीपर्यंत आमच्या घरात शब्द म्हणून उमटला नाही.

पंचमीला झोका लागला. कुंपणावर पाटी, 'फक्त महिलांसाठी'. खाली रंगूबाईनं तोंडी पुरवणी जोडली, "त्या जॉबरला तं पयला बाहेर काडा!" रांग पार नाक्यापर्यंत. मी आणि सादिक जाळीला वटवाघळासारखे लटकून उभे.

उन्हं कलली तेव्हा तुळजाची पाळी आली. तिनं दोर धरले, जमीन पायानं अशी लोटली जशी काही परत करत होती, आणि वर गेली. पदर सुटला. डोळे खाडीच्या दिशेला. ओठ हलत होते. गात होती! पण लूमच्या खटाखटीत एक अक्षर कळेना. जन्मभर ह्या लूमची भाकर खाल्ली, पण तेव्हा मनात म्हटलं, थांबा रे बाबांनो, एकदाच ऐकू द्या!

आणि लाईट गेली!

*झोका चढे वर, दिसे अंजूरची खाडी*
*न्हाय उभी चिंच, वारा वळख ना सोडी...*

मी बाही डोळ्यांकडे नेली. तोवर दुसरी ओवी आली,

*झोका गं मागितला माझ्या भोळ्या भरतारानं*
*कानात सांगितलं, ऐकलं गं शिवारानं!*

रांग खदाखदा हसली. रंगूबाईनं तर फेर धरला! मी सादिकच्या कानाशी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला, आणि अगदी हळू, खरंच अगदी हळू कुजबुजलो, "सादिक, बघ ना, नवरी होऊन आली तेव्हा अशीच दिसायची रे!"

झोक्याच्या पार उंच टोकावरून, इतक्या दिवसांनी, तुळजा माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"ऐकू आलं हो!"