फक्त भांड्यांपुढे दुखणारी कंबर

एका रविवारी भांडी घासता घासता घड्याळजींनी कंबर धरली आणि "आई गं!" करत खुर्चीत बसले. बसल्याबरोबर कळ थांबली, आणि तिथंच घात झाला. दुखणं कसं, माणसाला अंथरुणाला खिळवणारं असावं, तरच घरात त्याला मान मिळतो. यांची कंबर सिंकपुढे उभं राहिलं की ठणकायची, पायांना मुंग्या यायच्या. पण दुकानात दिवसभर घड्याळांवर ओणवं बसलं तरी ब्रही काढायची नाही. (कुठं दुखावं आणि कुठं नाही, हे कंबरेलासुद्धा कळायला हवं होतं!)

"सायकलवरून बाजार पालथा घालता, आणि चार ताटं विसळताना पाय बधिर?" बायको म्हणाली.

"अगं, खरंच दुखतं!"

"मग चला डॉक्टरकडे. होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष."

घड्याळजींना ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती काहीच न निघण्याची. आळशी, विसराळू, घोरणारा ही बिरुदं त्यांनी संसारात सुखाने पचवली होती. खोटारडा हे मात्र जिव्हारी लागलं असतं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढायला पाठवलं. तिथल्या माणसाने त्यांना टेबलावर आडवं केलं. (आडवं होण्यात घड्याळजींनी आजवर कुणालाही निराश केलेलं नव्हतं.)

"यात तसं विशेष काही दिसत नाही," फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी म्हटलंच होतं," बायको म्हणाली. घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं.

"थांबा. दुखतं कधी?"

"उभं राहिलं की."

"आणि फोटो झोपवून काढलाय! उभं करून काढायला सांगते."

"झोपल्यावर यांचं सगळंच ठीक असतं," बायकोने माहिती पुरवली.

उभ्याने काढलेल्या फोटोत मात्र कमरेचा एक मणका चक्क रांग सोडून पुढे सरकलेला होता. "वयाने सांधे झिजलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मणका सरकून नसा दाबतोय. पुढे वाकलं की नसांना जागा मिळते, म्हणून दुकानात आणि सायकलवर आराम वाटतो."

"सरकलाय! बघ, सरकलाय!" घड्याळजी इतक्या आनंदाने ओरडले की बाहेरच्या पेशंटांना वाटलं, यांना नातू झाला.

बायकोचे डोळे भरून आले. "चुकलंच हो माझं. आता भांड्यांना हात लावाल तर बघा!"

इथं उठून घरी गेले असते तर जन्माचं कल्याण होतं. पण घड्याळजींना जिंकलेला डाव आणखी जिंकायचा होता.

"मग डॉक्टर, आराम किती करू?"

"आराम? अजिबात नको! पडून राहिलात तर स्नायू आणखी ढिले पडतील. ऑपरेशनची आत्ता गरज नाही. पायातली ताकद कमी झाली तर बघू. व्यायाम शिकवते, वजन उतरवा, जड उचलू नका. बाकी घरातली कामं चालू ठेवा."

"पण उभं राहून..."

"एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवायचा आणि थोडं पुढे वाकायचं."

बायकोने डोळे पुसले.

संध्याकाळी एक पाय स्टुलावर ठेवून घड्याळजी सिंकपुढे उभे होते.

"दुखतंय का हो?" तिने अगदी मनापासून विचारलं. "आता तुम्ही म्हणाल ते खरं."

दुखत नव्हतं. जराही नाही. आणि आजच खरा ठरलेला माणूस खोटं बोलणार तरी कसा?

"नाही," घड्याळजी पुटपुटले.

"देव पावला! मग ते करपलेलं पातेलंही घ्या."