नानांच्या तारेवरचा लेप

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. आमच्या नानांनी चिकटपट्टी मागितली. मडगार्डवर ती नखानं दाबून बसवली आणि खस्सकन ओढली. पट्टीवर रंगाचा तिळाएवढा ठिपका आला. "बघा ताई!" नानांचा चेहरा पांढराफटक. मी त्यांना चांगलंच झापलं. पण खरं सांगते, तेव्हापासून स्कूटर धुताना मीही मडगार्डला हात लावत नाही.

नाना म्हणजे जळगावच्या आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मूळचे सोनगीरचे. वर्गात शुद्ध मराठी बोलतात, घाबरले की अहिराणी. आणि घाबरलेले तर ते सदाच! "सुटी गयं तं?" म्हणजे 'सुटलं तर?', हा त्यांचा जप. चपलेचा तळ असो, छताचा पंखा असो, नवरदेवाचा फेटा असो, काळजी तीच.

यात त्यांचा तरी काय दोष? माणसाचं कामच तसलं. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत बसवायची सुईएवढी तार, आणि तिच्यावर वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा निळाकाळा लेप. लेप असला की मेंदूचे बारीक इशारे स्वच्छ कळतात. पण बाटलीतल्या मिठाच्या कोमट पाण्यात तार ठेवून वीज सोडली, की लेपाचे पापुद्रे निघू लागतात. "बाटलीत निघाला तर फेकून देऊ, ताई. डोक्यात निघाला तर?" हे ऐकल्यावर मला दोन दिवस केस विंचरायची भीती वाटत होती.

नानांनी तार खरवडून खडबडीत केली, लेपाखाली तार आणि लेप दोन्हींना धरून ठेवणारा आणखी एक पातळ थर दिला. मी त्यांची प्रयोगशाळेतली मदतनीस, म्हणून रोज सकाळी बाटली बघायची मी. नाना दाराबाहेर पाठ करून उभे. "टिकला असेल तर फक्त खोका. बोलू नका." शेवटी एका तारेवरचा लेप टिकला, चांगला महिनोन्‌महिने टिकला. मी जोरात खोकले, तर नाना आणखीच घाबरले. "आता हिला जपायची कुणी?"

धुळ्याला पैसे मंजूर करणाऱ्या कमिटीपुढे ती तार दाखवायची होती. पसंत पडली तर काम पुढे, नाहीतर बंद. नाना बाटली आतल्या खिशात ठेवून एसटीनं निघाले; सोबतीला मी. प्रत्येक खड्ड्याला ते छाती धरायचे. शेजारची बाई घाबरून म्हणाली, "भाऊ, दवाखान्यात नेऊ का?"

आदल्या दिवशीचा मुक्काम सोनगीरला, त्यांच्या अक्काकडे. आई लहानपणीच गेली, नानांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. आता अक्काला कंपवात. दोन्ही हात सारखे थरथरतात. नानांचा सगळा खटाटोप तिच्यामुळे सुरू झालेला. पण अशी तार माणसापर्यंत पोचायला अजून कितीतरी वर्षं जायची, हे तिला सांगायचा धीर नानांना झाला नव्हता.

सकाळी नाना अंघोळीला गेले. मी चहाची बशी घेऊन ओट्यावर आले, तर अक्का काहीतरी घासत बसलेली. समोर चिंच, राख. शेजारी नानांच्या खिशातली बाटली, रिकामी. बशी माझ्या हातून सुटलीच.

"काळी पडी जायेल व्हती," अक्का हसून म्हणाली. "मना डोकामा जावानी शे ना? मंग चोख्खी नको का? दख, कशी चमकस!"

तिच्या डोक्यात जायची ती तार चमकत होती खरी. देवाच्या तांब्यासारखी लख्ख. लेपाचा मागमूस नव्हता.

नाना टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता हा माणूस ओरडतो की कोसळतो? नाना अक्काजवळ बसले. तार उजेडात धरली. तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बेस करं, अक्का." आणि तिची राखेनं माखलेली बोटं हातात घेऊन पाण्यानं धुऊ लागले.

"मंग कवय बसाडशी?" कधी बसवणार, एवढंच तिला हवं होतं.

"बसाडसू, अक्का."

पुढं आम्ही हायवेवर गाडीची वाट बघत उभे होतो. "नाना, अहो, कमिटीला दाखवायचं काय?"

"फोटो आहेत. आकडे आहेत. बघू." ते रस्त्याकडे बघत राहिले. "ताई, मी तिला एकदा विचारलं होतं. डोक्याला भोक पाडून तार घालतील, भीती नाही वाटत? म्हणाली, तू बनाडेल शे ना, मंग कसानी भीती?"

त्यांनी डोळे पुसले.

"मला त्याचीच भीती वाटते हो."