गोलाकार बाकांची यशोगाथा

बदल हा सृष्टीचा नियम आहे. शाळेत मात्र त्याला संचालक मंडळाची मंजुरी लागते. मंजुरी मिळाली की बदल सोमवारपासून लागू होतो आणि त्याला एक प्रमुख नेमावा लागतो. आमच्या शाळेचा परिवर्तनप्रमुख म्हणून माझी निवड झाली, कारण त्या सभेच्या वेळी मी दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून पडलो होतो. (गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमतानेच होते.)

बदल असा होता: बाकं रांगेत न मांडता गोलात मांडायची. रांग आली की शेवटचं बाक आलं, आणि शेवटचं बाक आलं की मागे पडणारं मूल आलं. गोलाला शेवट नसतो. त्यामुळे सोमवारी पहिली घंटा होताच शाळेत एकही मूल मागे उरलं नाही. आजवरच्या शिक्षकांनी उगाच घसे कोरडे केले, असंच म्हणायचं.

एक किरकोळ अडचण होती. गोलात बसलेल्या निम्म्या मुलांची फळ्याकडे पाठ होई. यावर परिवर्तन समितीने (मी, गणिताच्या बाई आणि चहा) तोडगा काढला, की थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांनी बाकासकट पुढे सरकायचं. आता प्रत्येकाला गणिताचा काही ना काही भाग दिसू लागला. कोणाला बेरीज दिसे, कोणाला हातचा, नशीबवानांना थेट उत्तर. अहवालात मी खरं तेच लिहिलं: पूर्वी वर्गातली साठ टक्के मुलं सहभागी होत, आता शंभर टक्के होतात. बाक ओढायला सगळेच लागतात.

दुसरी अडचण शिपाईमामांनी त्याच सोमवारी दुपारी आणली. "सर, गोलात झाडू मारला की कचरा बाहेर जात नाही हो, नुसत्या फेऱ्या मारतो." म्हणून ठरलं की सकाळचा पहिला तास बाकं गोल करण्यासाठी आणि शेवटचा ती पुन्हा रांगेत लावण्यासाठी. शेवटचा तास माझा होता. गोष्टी वाचण्याचा.

आता इथे वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. मी तिला मनातल्या मनात चिमणी म्हणतो. वर्षभर तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. हजेरीलाही बोट वर करायची. वाचनाच्या तासाला मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायचो आणि पुस्तक हातोहात फिरायचं. ते तिच्यापाशी आलं की ती पुढे सरकवायची. बदलाच्या आधीच्या शनिवारी तिने ते सरकवलं नाही. वाचलं. एक सुतार विहिरीचा रहाट दुरुस्त करायला खाली उतरतो आणि दोर तुटतो, इथवर ती आली आणि घंटा झाली. "उरलेलं सोमवारी," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की घरी जाताना बायकोसाठी फुलं घेतली आणि विनाकारण संशय ओढवून घेतला.

सोमवारी शेवटच्या तासाला चिमणी बाकाचा पाय धरून माझ्याकडे बघत होती.

"सर, तो सुतार?"

"आधी बाकं लावू, मग बघू."

"तोवर त्याला भूक लागेल ना."

बाकं लागेपर्यंत घंटा झाली. मंगळवारीही तेच. त्या आठवड्यात तिने रोज विचारलं, पुढच्या आठवड्यात एकदा.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. आमच्या मुख्याध्यापिका मनाने फार चांगल्या. म्हणाल्या, "वाचन उत्तमच हो सर. पण त्यात बदल कुठे आहे? ते तर आपण आधीपासूनच करतोय."

मी वाचनाला 'सस्वर पाठ्यावगाहन उपक्रम' असं भारदस्त नाव दिलं. त्या खूश झाल्या, फोटो मागितला, आणि फोटो बघून त्यांचा चेहरा पडला. "यात मुलं काहीच करत नाहीयेत." शेवटी निर्णय पालकसभेवर सोपवला गेला: शेवटच्या तासाला गोष्ट की बाकं?

सभेत दोन्ही गोष्टी दाखवल्या. आधी बाकं, संगीताच्या तालावर. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. मग चिमणी पुस्तक घेऊन उभी राहिली. "दोर तुटला. सुताराने वर पाहिलं..." आवाज बारीक होता. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने!" आणि तिने पुस्तक मिटलं. मला त्या क्षणी कोणाच्या तरी अंगावर बाक फेकावंसं वाटलं, पण परिवर्तनप्रमुखाला ते शोभत नाही.

मतदान झालं. बाकं प्रचंड बहुमताने जिंकली. हात तुमचाही वर होता. नाही म्हणू नका, मी समोरच उभा होतो. सभा संपल्यावर तुम्ही मला गाठून विचारलंत, "सर, बाकांचा व्हिडिओ ग्रुपवर कधी टाकताय?" सुताराचं पुढे काय झालं, हे काही विचारलं नाहीत.

व्हिडिओ कालच टाकलाय. डावीकडचं तिसरं बाक ओढतेय ती तुमचीच मुलगी, माझी चिमणी. आवाज बंद ठेवून पाहिलात तरी चालेल. ती त्यात काही बोलत नाही.