काळोखाचं कौतुक

विज्ञानाच्या वाटचालीत काही क्षण असे येतात, की ते पाहणाऱ्याला शब्द सुचत नाहीत. त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीलाही सुचेनात, कारण मायक्रोस्कोपखाली तिला काहीच दिसत नव्हतं.

पण तिला हवं होतं तेच. मायक्रोस्कोपच्या निळ्या दिव्याखाली तिच्या पेशी हिरव्यागार चमकायच्या. ती चमक आणणाऱ्या जनुकाचं तोंड बंद करायला तिने पेशींत आरएनएचे बारीक तुकडे सोडले होते. जनुकाने धाडलेला निरोप हे तुकडे वाटेतच फाडतात. निरोप नाही, तर चमकही नाही. आज पेशी विझल्या नाहीत, तर संध्याकाळी तिचं टेबल दुसऱ्याला जाणार होतं.

"मॅडम, मिट्ट काळोख आहे," ती जवळजवळ नाचतच म्हणाली.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी डोळा लावला. "अगं बाई, एक ठिपका नाही गं." आणि संस्थेच्या संचालकांना बोलवायला धावल्या. शेजारची डिश, जिच्यात तुकडे घातलेच नव्हते आणि जी चमकायलाच हवी होती, ती बघायचं आनंदाच्या भरात दोघींचंही राहून गेलं.

मुलीने आईला फोन लावला. "आई, जनुक गप्प झालं."

"कायमचं?"

"नाही गं, चार-पाच दिवस."

"मग त्यातलं थोडं बाबांसाठी आण. घोरणं चार दिवस थांबलं तरी मी जिंकले."

तेवढ्यात संचालक आले. एकटे कसले, पाहणीला आलेल्या समितीच्या दोन पाहुण्यांना घेऊन आले. "असा निखळ काळोख मी परदेशातही पाहिला नाही," संचालक म्हणाले. पहिल्या पाहुण्यांना त्यात खोली जाणवली. दुसरे इतका वेळ डोळा लावून बसले, की ते डुलकी काढताहेत की काय, अशी मॅडमना शंका आली.

समिती जेवायला गेली. तुलनेसाठी म्हणून मुलीने दुसरी डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मागे थांबलेल्या संचालकांना हाक मारली.

"सर, ही पण गप्प आहे."

"वा, म्हणजे दुप्पट यश."

"सर, हिच्यात काही घातलंच नव्हतं."

मुलगी टेबलाखाली शिरली, काहीतरी खुडबुड केली आणि बाहेर आली. संचालकांनी पुन्हा डोळा लावला, तर हिरवंगार. त्यांनी स्वतःच पहिली डिश ठेवली. तीही हिरवीगार, उलट जरा जास्तच.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग दार लोटून घेत म्हणाले, "तुम्हाला वर्षभर मुदत वाढवून देतो. टेबल तुमचंच. फक्त मी काळोखाविषयी जे बोललो, ते या खोलीबाहेर जायला नको."

"नाही जाणार, सर."

"दिव्यात बिघाड काय होता?"

"बिघाड नव्हता, सर. प्लग काढून कोणीतरी तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता."

मॅडमनी मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला. तो पूर्ण चार्ज झाला होता.