सासूबाईंची तंगडी आणि बाराची तोफ

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: मी दचकत नाही. माझे वडील दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. लहानपणी घरातली ताटं खणखणली की आम्ही समजायचो, बाबा कामाला लागले. त्यामुळे वीज, वादळ, सासूबाई, कशाकशालाच मी घाबरत नाही! माझी टोंका मात्र कुणावर गेली आहे देव जाणे. बेटावर जन्मली, बेटावर वाढली, आणि बोटीचा भोंगा वाजला की दोन्ही हात कानांवर. बोट रोज येते, रोज भोंगा देते, आणि रोज सगळा धक्का माझ्या लेकीकडे बघून हसतो. गावाने तिचं नाव भित्री भागूबाई ठेवून टाकलंय.

म्हणून वसंताच्या सुट्टीत झाग्रेबला जायचं ठरलं, तेव्हा टोंकाने एकच गोष्ट मागितली. तिथे वरच्या शहरात एका बुरुजावरून रोज दुपारी बाराला तोफ उडते. त्या बुरुजाखाली तिला उभं राहायचं होतं, हात खाली सोडून. वर्गात तिने हे सगळ्यांसमोर जाहीरसुद्धा केलं होतं. संग्रहालय नको, प्राणिसंग्रहालय नको, आइस्क्रीमदेखील नसलं तरी चालेल. फक्त तोफ.

मी म्हटलं, एवढंच ना? दोन दुपारी आहेत आपल्याकडे. आणि या वेळी आपण पर्यटक म्हणून जायचं. कुणाकडे जाणं नाही, कुणाचं बोचकं नेणं नाही!

हे मी स्वयंपाकघरात बोलले, ते चुकलं. आमच्या गावात कुणी राजधानीला निघालं की तो माणूस राहत नाही, टेम्पो होतो. संध्याकाळपर्यंत दारात रांग. कुणाच्या भाचीसाठी अंजिराचा मुरंबा, कुणाच्या जुन्या सरांसाठी खारवलेले मासे. मी दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सगळ्यांना वाटेला लावलं. मग मागे वळले, तर सासूबाई तंगडी घेऊन उभ्या.

म्हणजे प्रशुत. डुकराची अख्खी तंगडी, सासूबाईंनी थंडीभर बोरा नावाच्या कोरड्या वाऱ्यावर स्वतः सुकवलेली. झाग्रेबच्या ज्या डॉक्टरांनी त्यांचा गुडघा दुरुस्त केला, त्यांना ती पोचवायची होती. मी म्हटलं, ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आता कशाला? त्या शांतपणे म्हणाल्या, "एक गुडघा झालाय, विंका. दुसरा आहे अजून."

मी तंगडी घेतली. आणि सासूबाईंची तंगडी जाते म्हटल्यावर नणंद कशी मागे राहील? तिचा मुलगा शिमे झाग्रेबला शिकतो. म्हणजे तो तिथे शिकतो आणि त्याचे कपडे धुवायला बेटावर येतात. धुतलेले, इस्त्री केलेले कपडे, वर एक रजई, रजईत गुंडाळलेल्या तेलाच्या बाटल्या. दोन्ही बोचकी सासूबाईंच्या रुखवतातल्या मोठ्या अभ्र्यांत भरली गेली. दोन्हींवर तेच लाल भरतकाम. हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

पहिल्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला हुकूम दिला: आधी डॉक्टर, मग शिमे, मग तोफ. द्यायचं आणि पळायचं, बसायचं नाही. फ्रानेचा चेहरा पडला. दारापर्यंत जाऊन कॉफी न घेता परतायचं? आमच्याकडे हे मयताला जाऊन हसण्यासारखं आहे. पण कॉफी म्हटली की केक येतो, केकबरोबर साऱ्या घराची आजारपणं येतात, आणि आजारपणांवर उतारा म्हणून ब्रँडी येते. दुपार तिथेच होते. मी म्हटलं, अजिबात नाही.

डॉक्टरांचं घर वरच्या शहरातच होतं, पण त्या गल्लीत गाडी जात नव्हती. आम्ही गल्लीच्या तोंडाशी, जिथे थांबायचं नाही अशी मोठी पाटी होती, तिथेच इंजिन चालू ठेवून थांबलो. फ्रानेने डिकी उघडून विचारलं, कुठलं? मी पोलिसावर नजर ठेवण्यासाठी सीटवर उलटी वळून मागे बघत होते. "डावं!" मी ओरडले. ते माझं डावं होतं. त्याने त्याचं डावं उचललं.

परत आला तो धापा टाकत. दार डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईने उघडलं होतं. आत या म्हणत होत्या, बाही धरून ओढत होत्या, पण हा बोचकं त्यांच्या हातात कोंबून पळाला. मी शाबासकी दिली. मग नदीपलीकडे शिमेचं वसतिगृह. शिमे झोपलेला. दुसरं बोचकं त्याच्या खोलीतल्या कुणीतरी डोळे मिटूनच घेतलं. तिथूनही पळालो. मागच्या सीटवर टोंका दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून सराव करत होती.

पण शहर मधे आलं! पुढे ट्राम, ट्रामपुढे दुसरी ट्राम, सिग्नल म्हणजे सगळे लाल. मी हॉर्नवर हात ठेवून बसले होते आणि गाडी चालवत फ्राने होता. शेवटी कुठेतरी गाडी लावली आणि धावत सुटलो. टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर फ्रानेला जवळची वाट आठवली. म्हणाला, टेकडीच्या पोटातून बोगदा आहे, पायी जाणाऱ्यांसाठी, सरळ पलीकडे निघू. आत शिरलो. आत गार होतं, आणि छान शांत होतं. फ्राने म्हणालासुद्धा, काय शांतता आहे बघ.

पलीकडे बाहेर पडलो तर एक आजोबा मनगटावरचं घड्याळ लावत होते. टोंकाने त्यांना विचारलं, "आजोबा, तोफ झाली?"

"आत्ताच की, बाळा. ऐकली नाहीस?"

आम्ही तोफेच्या बरोबर खाली होतो. डोंगराच्या पोटात! टोंका रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त हात खिशात घातले आणि चालायला लागली. मी तिच्यामागे जात म्हटलं, उद्या निघायच्या आधी तोफ नक्की. काहीही होवो. तुम्ही कधी असं तोंडाने बोलू नका.

दुपारी चौकात बसलो होतो, तेवढ्यात शिमेचा फोन आला. म्हणाला, मामी, तुझ्यासारखी मामी अख्ख्या दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावर नाही. मला भरून आलं. मग वाटलं, इस्त्रीच्या कपड्यांचं एवढं कौतुक? तो सांगत होता की सगळा मजला जमलाय, कुणी वाइन आणायला गेलंय, आणि एकाच्या चाकूला धार आहे.

मी सावकाश विचारलं, "शिमे, तुम्ही काय कापताय?"

सांगायला नकोच. ज्या डॉक्टरांच्या हातात सासूबाईंचा दुसरा गुडघा होता, त्यांच्या हातात आत्ता शिमेच्या चड्ड्या होत्या.

आणि त्याच क्षणी फ्रानेचा फोन वाजला. त्याची आई. तंगडी बघून डॉक्टर काय म्हणाले? फ्राने म्हणाला, खूश झाले. नीट बसलात ना? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बसलो. केक कसला होता? यावर फ्रानेने फोन बंद केला. मग सासूबाई मला करतील म्हणून मीही बंद केला.

वसतिगृहात पोचलो तोवर एका बाजूने तंगडी होती आणि दुसऱ्या बाजूने हाड. मी ती हिसकावून घेतली. शिमे म्हणाला, मामी, थोडी ठेव ना. मी त्याच्याकडे जे बघितलं ते त्याला परीक्षेपर्यंत पुरेल. तंगडी धडकी बाजू वर करून परत अभ्र्यात घातली. रात्रभर मला झोप नाही. सासूबाईंना काय सांगू? डॉक्टरांना काय सांगू? आणि मधूनमधून टोंका झोपेतच तळवे मांड्यांखाली घेत होती.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत भरलं आणि अर्धी तंगडी काखेत मारून डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. बुरुज हाकेच्या अंतरावर होता. चूक झाली म्हणायचं, अदलाबदल करायची, पळायचं. बेत पक्का होता.

डॉक्टर दवाखान्यात होते. दार उघडलं त्यांच्या आईने, श्टेफित्सा आजींनी. त्यांनी फ्रानेला आधी नीट न्याहाळलं.

"काल तुम्ही असे पळालात की मला वाटलं, कुणी चोरीचा माल टाकून गेलं," त्या म्हणाल्या. "पोलिसांना बोलावणारच होते. पण चोरीच्या मालाला इस्त्री कोण करतं? या, बसा."

मी म्हटलं, बसायला वेळ नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी बसले. खुर्चीवर शिमेच्या चड्ड्यांची चळत होती, घडी काल होती त्याहून बरी. एका शर्टाला बटण नव्हतं, ते त्यांनी लावून ठेवलं होतं. वर म्हणाल्या, तेल उत्तम आहे, चीज भरलेल्या श्ट्रुक्लीला तेच लावलंय, भट्टीत आहेत, होतीलच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकराचे टोले नुकतेच पडून गेले असतील, काटा जरासा पुढे. म्हटलं, ठीक.

मग तंगडी. मी अभ्रा पुढे केला, धडकी बाजू वर. आजींनी सरळ उलटी केली. मग फ्रानेने सगळं सांगून टाकलं, डावं, उजवं, शिमे, धारेचा चाकू, आणि शेवटी आईचा दुसरा गुडघा. माझे तर तोफेच्या आधीच बारा वाजले! आजी हाड हातात घेऊन तोलत होत्या.

"माझ्या मुलाला मीठ वर्ज्य आहे," त्या म्हणाल्या. "सगळे लोक त्याला तंगड्याच आणतात आणि मीच वाटत बसते. हाड बरं. घेवड्याच्या रश्शात घालीन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, गुडघा घेऊन या. पण पळायचं नाही. काल बसला असतात तर तिथल्या तिथे उघडलं असतं की आपण."

एवढं साधं होतं. एका कॉफीत निस्तरलं असतं ते सारं.

पण आता माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. पाय हलवत होते, घड्याळ बघत होते. काटा तिथेच. घाई असली की काटा हलत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं. आजींनी टोंकाला स्वयंपाकघरातून ट्रे आणायला सांगितला होता, काठोकाठ भरलेले कप, आजींच्या लग्नातले. ती दोन्ही हातांनी ट्रे धरून, जीभ बाहेर काढून, पाऊल पाऊल येत होती. मी म्हटलं, आजी, कॉफी घेतो आणि निघतो, तिला बाराची तोफ ऐकायचीय, वेळ आहे म्हणून बरं. आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

"ते?" आजी म्हणाल्या. "ते माझे यजमान गेल्यापासून बंद आहे. तोफ असताना घड्याळ कशाला?"

आणि तोफ उडाली.

खिडक्या थरथरल्या, कपाटातल्या बश्या नाचल्या. कुणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळलं. ती मी होते, हे मला टेबलाखाली गेल्यावर कळलं. कशी गेले ते विचारू नका. हातात तंगडीचं हाड होतं, ते का, तेही विचारू नका.

टेबलाखालून मला टोंकाचे बूट दिसत होते. ते जागचे हलले नव्हते. मान वाकडी करून वर बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती, पांढरीफटक, डोळे एवढे मोठे. हातात ट्रे. एकाही बशीत थेंब नव्हता. तिने आधी कपांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"आई, मी कान झाकले नाहीत," ती म्हणाली. "आई? तू कुठे आहेस?"

मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. पण टेबलाखाली बसून लेकीचा अभिमान किती दाखवणार? फ्रानेने मला पायांनी ओढून बाहेर काढलं. श्ट्रुक्ली खाल्ले, ब्रँडी घेतली, आजींच्या पित्ताशयाची कहाणी ऐकली, आणि ऊन उतरेपर्यंत बसलो. झाग्रेबमध्ये आम्ही एवढंच बघितलं.

बेटाच्या बोटीत टोंकाने हे सगळं खलाशांना सांगितलं, मग प्रवाशांना, मग ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांना पुन्हा. धक्का जवळ आला. नेहमीची सगळी मंडळी हसायला जमलेली, पुढे सासूबाई. भोंग्याची वेळ झाली तशी मी सवयीने टोंकाकडे वळले. तिचे हात खिशात होते. मग तिने ते बाहेर काढले, चवड्यांवर उभी राहिली, आणि माझ्या कानांवर ठेवले.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. तिच्या ओठांवरून कळलं.

सगळ्या धक्क्याने बघितलं. तेव्हापासून गावातली भित्री भागूबाई मी आहे.